पत्ता खालून वर

लग्नपत्रिका आली की आमच्या घरात सगळे आधी वधूवरांची नावं वाचतात. मी पाकीट उलटं करून पत्ता वाचतो, माझाच. तोही खालून वर: आधी पिन, मग जिल्हा, तालुका, गाव आणि सगळ्यात शेवटी माझं नाव. बायको म्हणते, "अहो, पोचलीय ती. आता आत काय आहे ते बघा." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, सवय काही जात नाही.

ही सवय ज्यांनी लावली त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि आमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डब्यात टपाल छाटत जाणाऱ्या तुकडीत, त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंही. ते अण्णा होते, हेड सॉर्टर.

१९७६ साली मी आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, लागलो तेव्हा माझं तोंड कडू झालेलं होतं. वडील वाळवे तालुक्यात प्राथमिक शिक्षक. मी बी.ए. झालो, पुढे एम.ए. करून कॉलेजात मराठी शिकवायचं असं मनात ठरवून टाकलेलं. पण पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या, वडिलांची नोकरी तीनच वर्षं उरलेली, आणि टपाल खात्याची जाहिरात वडिलांनी स्वतः कापून माझ्या पुस्तकात ठेवली होती. निवड झाली. गावात पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही.

पुढचा छळ नातेवाइकांचा. "पोस्टात लागलास म्हणे, पत्रं वाटतोस का?" नाही, रेल्वेत असतो. "म्हणजे टी.सी.?" नाही. "मग रेल्वेत करतोस काय?" रेल्वे मेल सर्व्हिस समजावून सांगता सांगता जेवणाची पंगत उठायची. खरं तर मलाही ते नीट सांगता येत नव्हतं. आम्ही धड पोस्टातले नव्हतो, धड रेल्वेतलेही नव्हतो. संध्याकाळी मिरजेला डब्यात चढायचं, रात्रभर उभं राहून टपाल छाटायचं, पहाटे पुण्याला उतरायचं. दिवसा रेस्ट हाउसमध्ये लोक ऑफिसला जात असताना झोपायचं, आणि रात्री तेच उलट्या दिशेने.

डब्याच्या एका भिंतीला गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत लाकडी खण. एकेका खणाला एक गाव, किंवा एखादं मोठं ऑफिस, किंवा पुढे कुठेतरी भेटणारा दुसरा सेक्शन. समोर थैल्या टांगायचे आकडे. लाखेचा, सुतळीचा आणि घामाचा एक मिळून वास. गाडी आदर्कीच्या घाटात शिरली की डबा वळणावळणाला अंग टाकायचा आणि हातातलं पत्र नेमकं शेजारच्या खणात जायचं. पहिले सहा महिने मी एवढंच मोजत होतो: कराड झालं, रहिमतपूर झालं, सातारा झालं, लोणंद, नीरा, जेजुरी. अजून किती स्टेशनं उरली?

पहिल्याच रात्री अण्णांनी माझ्या पाठीमागे उभं राहून बघितलं. मी पत्र हातात घेऊन वरून वाचत होतो: श्रीमान राजमान्य राजेश्री अमुक अमुक, तमक्यांच्या वाड्याजवळ, मारुतीच्या देवळामागे...

"काय वाचतोयस?"

"पत्ता."

"नाव वाचतोयस तू. नावाशी आपलं काय काम? खालनं सुरू कर. नागपूरचं असलं तर तुला नागपूर एवढंच पुरे, गल्ली नागपूरचा पोस्टमन बघंल. आपल्या वाट्याची ओळ तेवढी वाचायची. पण ती नीट वाचायची."

तेव्हा मला ते अपमानासारखं लागलं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला कोणी सांगावं की तुझ्या वाट्याला एकच ओळ आहे!

पिन कोड येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला, पण आमच्या भागातली निम्मी पत्रं त्याच्याशिवायच यायची. अण्णांना मात्र पिनचं भारी कौतुक. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे. अण्णांना संस्कृतशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळंच: "हा माणूस खालनं वर वाचणारा. बघ, पहिला आकडा आख्ख्या इलाख्याचा. मग बारीक बारीक होत शेवटचे तीन आकडे पोस्टाचे. पत्त्याची शेवटची ओळ त्यानं उचलून पहिली केली." ४१५ म्हटलं की सातारा, ४१६ म्हटलं की कोल्हापूर-सांगली, ४०३ म्हणजे गोवा. सहा अंकांत कोणी आपल्या कामाची रीत मांडून ठेवली आहे, याचा त्यांना स्वतःचं कौतुक झाल्यासारखा आनंद होता.

मग मलकापूर झालं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरची पत्रं मी शाहूवाडीच्या मलकापुरात पाठवली. एकदा नव्हे, आठवडाभर. सॉर्टरचं काम असं की बरोबर केलं तर ते कुणी केलं हे जगात कोणाला कळत नाही. चुकलं तर मात्र बंडलावरच्या चिठ्ठीवरून माणूस सापडतो. मला मेमो आला, खुलासा द्या. राजीनामा लिहावा असं खरोखर मनात आलं होतं. रेस्ट हाउसच्या ओट्यावर अण्णा शेजारी येऊन बसले. चष्म्याच्या काडीला सुतळी बांधलेली, तीही सरकारी नव्हे, घरून आणलेली. याबाबतीत ते काटेकोर होते.

"खुलाशात खोटं लिहू नको. डुलकी लागली असंही लिहू नको, लागली असली तरी. 'मलकापूर एकच आहे असा माझा समज होता' असं लिही. ते खरं हाय."

मी लिहिलं. मग ते म्हणाले, "आता हुडकून काढ, मलकापुरं किती ते."

तीन निघाली. बुलढाण्याकडचं रेल्वेवरचं, शाहूवाडी तालुक्यातलं आणि आमच्या कराडला चिकटलेलं. अण्णांनी रद्दी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूंची एक वही शिवून दिली. पहिल्या पानावर मी मलकापूर लिहिलं. त्याच रात्री नांदगाव लिहिलं: नाशिक जिल्ह्यातलं, अमरावतीकडचं नांदगाव खंडेश्वर, तिकडचंच नांदगाव पेठ, मुरुडजवळचं, कणकवलीकडचं. मग पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव हरेश्वर, पिंपळगाव राजा, पिंपळगाव रेणुकाई. वडगावांना तर चार पानं लागली. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, हे शब्द फारशीतून आले हे कॉलेजात शिकलो होतो. पण लिहिणारा घाईत फक्त 'बु.' लिहितो आणि शाईचा ठिपका पडला की त्याचं 'खु.' होतं, मग थोरल्या भावाचं पत्र धाकट्याकडे जातं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

वर्षभरात मला एक गोष्ट ध्यानात आली. मी स्टेशनं मोजायची थांबलो होतो. कधी थांबलो ते सांगता येणार नाही. एके पहाटे गाडी पुण्याजवळ घोरपडीला आली आणि मला वाटलं, एवढ्यात?

काम तेच होतं. पगार तोच, उभं राहणं तेच, पायांच्या शिरा तशाच फुगायच्या. फरक इतकाच की त्या कामाचा एक कोपरा आता माझा होता. अवघड पत्त्यांचा गठ्ठा अण्णा न बोलता माझ्यापुढे सरकवू लागले. निपाणीची पत्रं, मराठी अक्षरात, महाराष्ट्राचा जिल्हा लिहून बेळगावला निघालेली. ५६ ए.पी.ओ. या लष्करी टपालाच्या पत्त्यावरून निघालेली, अपशिंगे मिलिटरीला जाणारी, ज्यांवर गावाचं नाव इतकं सुबक लिहिलेलं असे की शिपायाने ते बंकरमध्ये बसून दोनदा गिरवलं असावं. लालबाग-परळचे शिक्के घेऊन पाटण, जावळी, शिराळ्याकडे जाणारी. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांत परळच्या मनीऑर्डरींचे बंडल हाताला हलके लागू लागले. पेपरात संपाची भाषणं येत होती. आमच्याकडे संप वजनात येत होता.

एका रात्रीची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, आणि ऐकणाऱ्याला ती दरवेळी अर्धवट वाटते. एक पोस्टकार्ड. पत्ता: मु. पो. शिरगाव. बस्स, तालुका-जिल्हा काही नाही. वही काढली. रत्नागिरीजवळ एक शिरगाव, देवगड तालुक्यात एक, चिपळूणकडे एक, मावळात एक, पालघरला एक. मी म्हणालो, "अण्णा, मागं मजकुरावर नुसती नजर टाकली तरी कळेल."

अण्णांची एक रीत होती. पोस्टकार्ड हातात आलं की मजकुराची बाजू तळहाताकडे. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांची बोटंच तशी वळत.

"कळंल की. पण मग आपण सॉर्टर कशाचे? चोरून वाचणारे शेजारी झालो."

त्यांनी कार्ड दिव्याखाली धरलं आणि फिकट उठलेला शिक्का वाचला. कोयनानगर. मग डोळे मिटून म्हणाले, "कोयनानगर. कुंभार्ली घाट उतरला की खाली चिपळूणचं शिरगाव. पायी जाणारं माणूस जिल्हा कशाला लिहील? त्याच्या लेखी शिरगाव एकच." आणि कार्ड खणात टाकलं.

"पोचलं असंल का?" पंधरा दिवसांनी मी विचारलं.

"परत आलं नाही. आपल्याला एवढंच कळतं."

ऐकणारा इथे थांबतो. पुढे? पुढे काही नाही. कोणी आभाराचं पत्र पाठवलं नाही.

माझी पुतणी हिंजवडीत एका कंपनीत एच.आर.मध्ये आहे. तिला ही गोष्ट फार आवडते, पण तिला वाटतं की अण्णांना 'फीडबॅक' मिळायला हवा होता. तिने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या दोघी अमेरिकेतल्या अभ्यासक. त्यांचा २००१ सालचा लेख या विषयात फार नावाजला गेला म्हणे. त्यात इस्पितळातल्या सफाई कामगारांचं उदाहरण आहे. काही जण नेमून दिलेली साफसफाई तेवढी करत. काही जण तेच काम करताना रुग्णाशी, नर्सशी, भेटायला आलेल्यांशी आपणहून नातं जोडत, आपलं काम म्हणजे उपचाराचाच भाग समजत. आणि त्यांना ते कामही जास्त कसबाचं वाटे. आपल्या कामाला आपण हाताने असा आकार देणं, याला 'जॉब क्राफ्टिंग' म्हणतात. पुतणी म्हणाली, "काका, तुमची वही म्हणजे हेच!"

असेल. शब्द चांगला आहे. पण कंपनीतले लोक तो कशासाठी वापरतील याची मला धास्ती वाटते, आणि मी तिला तसं सांगितलं. कारण हे अर्धेच अण्णा झाले. उरलेले अर्धे अण्णा १९ सप्टेंबर १९६८च्या, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या एक दिवसाच्या संपात उतरले होते. गरजेवर आधारित किमान वेतन मागणारा तो संप. देशभर कितीतरी लोकांना त्यापायी अटक, निलंबन सोसावं लागलं. अण्णांनी काय सोसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण युनियनची वर्गणी गोळा करताना त्यांचा आवाज पत्ते वाचतानाच्या आवाजाहून वेगळा नसे. रात्रपाळीच्या भत्त्याचा एक रुपया ते सोडत नसत. "पगार सरकारकडनं घ्यायचा, पुरता घ्यायचा," ते म्हणत. "बाकीचं आपलं आपण काढून घ्यायचं. ह्याच्या बदल्यात ते न्हाई." कामात गोडी लागली म्हणून कोणी पगार कमी घ्यावा, असं त्यांच्या डोक्यातही आलं नसतं. पुतणीने हे तिच्या प्रशिक्षणात सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

आणि ते संत होते असं कोणी समजू नये. एका सहकाऱ्याने नेलेली छत्री परत केली नाही म्हणून ते त्याच्याशी तीन वर्षं बोलले नाहीत; एकाच डब्यात, हातभर अंतरावर उभं राहून. मध्ये मी निरोप्या. चहा पाजायची पाळी आली की त्यांना नेमकं काहीतरी बांधायचं निघे. सुतळीची गाठ चुकली तर ते असं बोलत की मी एकदा डब्याच्या दारात जाऊन रडलो आहे.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी पोहे दिले आणि अण्णांसमोरच म्हणाल्या, "आख्ख्या महाराष्ट्राची गावं पाठ हायत. पोरं कितवीत हायत विचारा." अण्णा हसले नाहीत. त्यांना खरंच येत नव्हतं. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. पुढे माझी मुलगी सातवीत असताना मी तिच्या शाळेत सहावीच्या वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलो, तेव्हा काकू आठवल्या. कामात सुख मिळणाऱ्या माणसाचं बिल कोणीतरी दुसरं भरत असतं. आमच्या दोघांच्या घरी ते बायकांनी भरलं.

अण्णा ५८ वर्षांचे होऊन निवृत्त झाले आणि खटाव तालुक्यातल्या गावी जाऊन राहिले. मागोमाग आमच्या डब्यातलं उभ्याचं काम संपलं. धावत्या गाडीत छाटण्याऐवजी टपाल ऑफिसात बसून छाटायचं ठरलं. मला खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, आणि पहिले दोन महिने मी खुर्ची मागे सारून उभाच राहायचो. डबा हलत नव्हता तरी अंगात हलत होता.

निवृत्त झाल्यावर अण्णा वर्षातून एकदा मला कार्ड टाकत. त्यात खुशाली दीड ओळ. खरी मौज पत्त्यात. पिन नाही, जिल्हा नाही, गावाचं नावही मुद्दाम आखूड केलेलं. माझी परीक्षा नव्हती ती, माझ्या ऑफिसातल्या नव्या पोरांची होती. एक कार्ड 'मिससेंट'चा शिक्का खाऊन अकरा दिवसांनी आलं. मी त्यांना तसं कळवलं. उलट टपाली कार्ड आलं: कुठं चुकलं? मी वाट शोधून काढली आणि लिहिली. त्यावर उत्तर नाही. समाधान झालं असणार.

मी त्यांना कधी सांगितलं नाही की तुमच्यामुळे मी नोकरीत टिकलो. प्रोफेसर न झाल्याची बोच कुठे गेली ते मला कळलं नाही, हेही सांगितलं नाही. आपल्याकडे असं बोलायची पद्धत नाही, ही सबब झाली. भेटायला जायचं तीन दिवाळ्या ठरलं आणि तीन दिवाळ्या राहिलं. ते गेल्याचं कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

मी निवृत्त झालो जुलै २०१३मध्ये. त्याच महिन्यात देशातली तार बंद झाली, त्यामुळे माझ्या निरोपसमारंभात माझ्यापेक्षा तारेवरच भाषणं जास्त झाली. त्यानंतर मात्र मी खटावला गेलो. अण्णांच्या मुलाने एक वही आणून दिली. रद्दी फॉर्मांच्या कोऱ्या बाजू, तशीच शिवलेली. मला वाटलं, माझ्यासारखीच गावांची यादी असेल. होती. पण शेवटची सात-आठ पानं वेगळी होती. वर लिहिलेलं: 'अंदाजाने टाकलेली'.

प्रत्येक ओळीत तारीख, वाचता आलं तेवढं गावाचं नाव, निघालेल्या ठिकाणाचा शिक्का, आणि अण्णांनी कोणत्या खणात टाकलं ते. घेणाऱ्याचं नाव कुठेही नाही. १९५८पासूनच्या नोंदी. ज्या पत्रांबद्दल त्यांची खात्री नव्हती, ती सगळी त्यांनी पंचवीस वर्षं लिहून ठेवली होती. मला म्हणाले होते, परत आलं नाही, एवढंच कळतं. आणि घरी येऊन हे लिहीत होते! शिरगावही होतं त्यात. पुढे 'चिपळूण', आणि लहान अक्षरात प्रश्नचिन्ह.

साठ-बासष्टच्या सुमाराची दोन पानं नुसती कोयनेकाठच्या गावांनी भरली आहेत. धरणाचं पाणी चढत होतं, गावं उठत होती. माणसं ठाणे, कुलाबा, सोलापूर, सांगलीकडे पांगली आणि पत्रं जुन्याच पत्त्यावर येत राहिली. एका ओळीपुढे अण्णांनी लिहिलंय: 'गाव पाण्यात. टपाल कुणीकडे?'

आता दुपारी जेवण झालं की मी ती वही काढतो. पुतणी कधी आली तर तिच्या फोनवरचा नकाशा घेऊन बसते. वरून उपग्रहातून बघते आणि म्हणते, काका, इथे एक वाडी आहे बघा. १४ नोंदींचा छडा लागला. त्यांतल्या नऊ अण्णांनी बरोबर खणात टाकल्या होत्या. तीन चुकल्या. दोन ठिकाणी दोन्ही गावं तेवढीच जवळ आहेत, तिथे मी त्यांना अर्धा मार्क दिला.

सध्या १९६४च्या एका नोंदीशी अडलो आहे. गावाच्या जागी फक्त 'वाडी'. तालुका नाही, जिल्हा नाही. पुढे अण्णांनी लिहिलंय, 'कोणती?' आणि खण: कोरेगाव. शिक्का रहिमतपूरचा, जुलैचा. जुलैत रहिमतपूरहून वाडीला कोण लिहील? पेरणीला गेलेला कोणीतरी असेल, किंवा माहेरी आलेली बाई. नरसोबाची वाडीसुद्धा लोक नुसती 'वाडी'च म्हणतात, आणि गुरुपौर्णिमा जुलैतच येते. तसं असेल तर ते कोरेगावच्या खणात नको होतं, खाली मिरजेकडे जायला हवं होतं. पुतणीला सांगितलंय, त्या वर्षीचं पंचांग कुठे मिळतंय का बघ.